चोर नसलेल्या गावाचा विकास

४ मार्च

आजपासून रोजनिशी. पुढे 'तोक्गोल मॉडेल' नावाचं पुस्तक लिहायला बसेन तेव्हा कच्चा माल हाताशी असलेला बरा.

सकाळी केंद्राचं उद्घाटन. ग्रामीण सुरक्षा तंत्रज्ञान संशोधन केंद्र, तोक्गोल गाव, म्योंगसान जिल्हा. पाटी पितळेची मागितली होती, प्लॅस्टिकची आली. इमारत म्हणजे सोसायटीचं जुनं लसणाचं कोठार. रंग नवा, वास जुना. जिल्हाप्रमुख फीत कापताना तीनदा शिंकले.

डायरेक्टर मी. प्यो ह्योन-मू, वय एकावन्न. सेऊलजवळच्या कंपनीत सगळी उमर सिक्युरिटी कॅमेऱ्यांत काढली आणि तिथून स्वतःहून बाहेर पडलो. त्यांनी माझं टेबल फोटोकॉपी मशीनशेजारी हलवलं, त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की देशाच्या ग्रामीण भागाला माझी गरज आहे. माझी बायको मिर्योंग म्हणाली, ग्रामीण भागाला विचारलंस का. ती सेऊललाच राहणार, तिची नोकरी आहे. शिवाय मोठ्या माणसांच्या बायका सुरुवातीला असंच बोलतात.

दुपारी बोर्डवर सगळी योजना काढली. सुरक्षा संशोधन, बाण, कंपन्या, बाण, नोकऱ्या, बाण, तरुण जोडपी, बाण, मुलं, बाण, गावची शाळा चालू. याला म्हणतात प्रादेशिक विकास. केंद्रातली दुसरी संशोधक (पहिला मी) डॉ. बोंग सो-रान बराच वेळ बोर्डकडे बघत राहिली. मग म्हणाली, सर, पहिल्या बाणाच्या मागे काय आहे? मी म्हणालो, व्हिजन. ती म्हणाली, ते बोर्डवर दिसत नाही. लिहिलं. आता दिसतं.

संकल्प: दारू, म्हणजे सोजू, फक्त शनिवारी. रोज सकाळी चालणे. इंग्रजी सुधारणे, कारण परदेशी शिष्टमंडळं येणार.

१२ मार्च

चाललो नाही. थंडी.

पोलीस चौकीत जाऊन गुन्ह्यांचा डेटा मागितला. हवालदार एकटाच, गाजर किसत बसला होता. म्हणाला, परवाच एक प्रकरण झालं. मी वही काढली. एका म्हातारीचं खुरपं गेलं होतं. नंतर तिला आठवलं की तिनंच जावेला दिलंय. त्याआधीचं काय, विचारलं, तर त्याआधी तो इथे नव्हता.

म्हणजे डेटा नाही. डेटा नाही तर संशोधन नाही, आणि संशोधन नाही तर पहिला बाणच लटकतो. या भागाच्या मागासलेपणाचं मूळ मला आज सापडलं. इथे गुन्हेच होत नाहीत.

घरोघरी सर्व्हे केला. कुणीही दार लावत नाही. मालसुन आजी (नाक्यावर सूप-भाताची खाणावळ चालवतात, माझं जेवण तिथेच) म्हणाल्या, कुलूप घराबरोबर आलं होतं, किल्ली आली की नाही आठवत नाही. मी त्यांना धोका समजावून सांगितला. कुणी आत शिरून काय नेईल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काहीही. त्या म्हणाल्या, मग नेऊ दे बाळा, मला तेवढंच आवरायला कमी.

सुरक्षेबद्दल जागरूकता: शून्य. कामाला भरपूर वाव.

२६ मार्च

गावच्या हॉलमध्ये सभा. कॅमेऱ्यांना परवानगी हवी होती. सरपंच हाम यांनी विचारलं, साहेब, हे काय पकडणार? मी म्हणालो, लसूणचोर. ते म्हणाले, लसूणचोर तर नाहीत. मी म्हणालो, तोच तर धोका आहे. यावर कुणाला काही बोलता येईना. माझं एकच वाक्य सभेला गप्प करतं, हा माझा जुना अनुभव आहे.

हाम यांना कॅमेऱ्यात रस नाही, शाळेत आहे. शाळेत आता नऊ मुलं. पुढच्या मार्चपर्यंत आणखी मुलं आली नाहीत तर ती तालुक्याच्या शाळेत विलीन. पण इंचॉनचं एक कुटुंब यायला तयार आहे. ताक नावाचा माणूस, बायको आणि तीन मुलं. त्यांना लसणाची शेती करायचीय. हाम यांनी गाव जमवून त्यांच्यासाठी एक रिकामं घर दुरुस्तीला काढलंय. म्हणाले, तुमच्या कॅमेऱ्यानं आणखी एखादं कुटुंब येणार असेल तर माझ्या डोक्यावर बसवा.

माणूस अडाणी पण दिशा बरोबर. कॅमेरे मंजूर. डंपलिंग छान होते.

१० एप्रिल

सिस्टिम सुरू. आठवड्यातच तुफान यश.

आमची प्रणाली माणसाच्या हालचालीवरून तो चोर आहे का ते ओळखते. आणि तोक्गोल चोरांनी भरलेलं निघालं. पहाटे म्हातारे उलटे चालत, टाळ्या वाजवत शेताच्या बांधावरून जातात: संशयास्पद. बायका झाकलेलं भांडं घेऊन दार न वाजवता दुसऱ्याच्या घरात शिरतात आणि भांडं तिथेच ठेवून बाहेर पडतात: अतिसंशयास्पद. कुणीही कुणाच्याही वाफ्यातली कांद्याची पात उपटतो. अलार्म थांबतच नाही.

डॉ. बोंगचं म्हणणं, प्रणाली शहरातल्या दुकानांवर आणि पार्किंगवर शिकलीय. इथे सगळेच सगळ्यांच्या घरात जातात, तेव्हा तिला पहिल्यापासून शिकवावं लागेल. एक वर्ष तरी जाईल. मी म्हणालो, प्रणाली बरोबर आहे, गावाला शिकवा. ती कॉफी घेऊन बाहेर गेली. तरुण शास्त्रज्ञांमध्ये हा दोष असतो, यश समोर आलं की घाबरतात.

२२ एप्रिल

चू आजोबा न्हाणीघरात पडले. एकटे राहतात. रोज उलटे चालणाऱ्यांत असतात, आज दिसले नाहीत, म्हणून मालसुन आजी त्यांच्या घरात घुसल्या. (दार वाजवलं नाही. अलार्म झाला.) पाय मोडलाय, पण माणूस वाचला.

डॉ. बोंग धावत माझ्या खोलीत आली. म्हणाली, सर, आपण उलटं बघतोय. कोण घुसलं यापेक्षा कोण बाहेर आलं नाही, कोण पडलं, हे बघायला हवं. अशी एकटी माणसं अख्ख्या देशात आहेत. कॅमेरासुद्धा नको, जमिनीतला सेन्सर पुरेल. तो बनवणारा छोटा कारखाना इथेच निघेल, देखभालीला इथलीच पोरं लागतील.

मी शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं की ही शुश्रूषा झाली, सुरक्षा नव्हे. बोर्डवर म्हाताऱ्यांसाठी बाण नाही. तिनं विचारलं, बोर्ड पुसता येतो ना? तोल सुटलेलं बोलणं. पण मी मोठ्या मनाचा, तिला रविवारी स्वतःच्या वेळेत काम करायची परवानगी दिली.

संध्याकाळी सोजू. मंगळवार आहे, पण मानसिक ताण.

१५ मे

जिल्हाप्रमुख केंद्रात. मंत्रालयाला मधला अहवाल द्यायचाय, दुसऱ्या टप्प्याचा निधी त्यावर अवलंबून. त्यांनी विचारलं, चोर किती पकडले? मी त्यांना ग्राफ दाखवला. अलार्म हा शब्द काढून तिथे 'संभाव्य चोरीचे प्रसंग' असं घातलंय. रेघ सरळ वर जाते. ते म्हणाले, प्यो साहेब, वर जाणं चांगलं ना? मी म्हणालो, गरज सिद्ध होते. गरज जितकी मोठी तितका निधी मोठा. त्यांना एकदम पटलं. राजकारणी माणसाला ग्राफ चटकन कळतो.

डॉ. बोंगनं अहवालावर सही करायला नकार दिला. म्हणाली, कांद्याची पात चोरी म्हणून मी लिहिणार नाही. मी एकट्यानं सही केली. एकाच सहीनं पान जास्त भारदस्त दिसतं.

ताकांचं घर जवळजवळ तयार. मुलांच्या खोलीला हाम यांनी देवमाशांचा वॉलपेपर लावलाय. मला दाखवायला बोलावलं होतं, वेळ झाला नाही.

१९ जून

लसूण निघाला. सगळं गाव शेतात. रस्त्याच्या कडेच्या शेडमध्ये लसणाच्या जुड्या टांगल्यात, उघड्यावर. मला बघवत नाही.

सेजोंगला जाऊन आलो. मंत्रालयात सादरीकरण. अलोट यश. मी सांगितलं, लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर या गावातली संभाव्य चोरी देशात सर्वांत जास्त असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मग एकानं टाळी वाजवली, किंवा फाईल पडली, पण मागोमाग बाकीच्यांनी वाजवली.

बाहेर एका पत्रकार मुलीनं गाठलं. ग्राफ मागितला, लगेच दिला. माझ्या नावाचं स्पेलिंगही लिहून दिलं. आता तोक्गोल हे नाव देशात पोहोचणार. प्रादेशिक विकासात ब्रँडिंग हा अर्धा भाग असतो.

२७ जून

पोहोचलं.

मथळा: 'देशातलं सर्वाधिक चोऱ्यांचं खेडं'. फोटोत आपला ग्राफ. माझं नाव चुकलंय, 'फ्यो' लिहिलंय. मोबाईलवर दिवसभर बातमी फिरतेय. टीव्हीवाल्यांनी ड्रोन उडवला. खाणावळीत आज नवे चेहरे जेवायला. बाण फिरू लागला.

मिर्योंगचा फोन. आवाज घाबरलेला. म्हणाली, असल्या गावात एकटा राहू नकोस, आजच निघ. मी म्हणालो, अगं, ही बातमी मीच दिलीय. ती मग म्हणाली, भांडी घासायचीयत. अभिमानानं माणसाला शब्द सुचत नाहीत.

८ जुलै

किरकोळ अडचणी.

लसूण घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी भाव पाडला. म्हणतात, चोरांच्या गावातला माल, कुणाच्या शेतातला कोण विकतोय कसं कळणार. सेऊलला गेलेल्या मुलांनी आईवडिलांना फोन करून करून हैराण केलंय. सरपंच हाम आणि पंधरा-वीस माणसं आज केंद्रात आली. चपला बाहेर नीट लावल्या, पण चेहरे बरे नव्हते. हाम म्हणाले, साहेब, तुम्ही जगाला सांगितलं, आता आम्हालाही दाखवा. चोर कोण आहे?

रास्त मागणी. संशोधन लोकांपर्यंत न्यायलाच हवं. हॉलमध्ये मोठा पडदा लावला आणि निवडक चित्रफिती दाखवल्या.

पहिल्या फितीत शेजारच्या दॉकन्यो आजी मालसुन आजींच्या परसातली कांद्याची पात उपटत होत्या. चेहऱ्याभोवती लाल चौकोन, वर 'संशयित'. सगळे पोट धरून हसले. दॉकन्यो आजी स्वतः सगळ्यांत जास्त. दुसऱ्या फितीत त्याच, मालसुन आजींच्या अंगणातल्या मडक्यातून मिरचीचं वाटण काढताना. थोडे हसले. मग तिसरी, चौथी, पाचवी. मी सगळ्या एकापुढे एक जोडल्या होत्या, परिणाम साधावा म्हणून. एप्रिल ते जून त्या एकूण किती वेळा गेल्या तो आकडाही शेवटी टाकला होता. सातव्या फितीनंतर कुणी हसलं नाही.

मालसुन आजी म्हणाल्या, मीच सांगितलं होतं तिला ने म्हणून. मागून कुणीतरी विचारलं, दर वेळी सांगितलं होतं? मालसुन आजी काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि आधी थोड्या थांबल्या. तेवढंच. दॉकन्यो आजी म्हणाल्या, माझे गुडघे दुखतायत. आणि उठून गेल्या. पडद्यावर त्या अजून पात उपटत होत्या, रिमोट सापडेना.

एकंदरीत सभा परिणामकारक.

२१ जुलै

प्रादेशिक अर्थव्यवस्थेवर पहिला मोजता येण्यासारखा परिणाम. तालुक्याहून कुलूपवाला आला, आठवडाभर मुक्काम. घरोघर कुलपं बसवली, काहींनी दोन-दोन. रोज मालसुन आजींकडे जेवला. म्हणजे संशोधन, बाण, व्यवसाय, बाण, स्थानिक खाणावळ. बोर्डवर हिरव्या शाईनं खूण केली.

डॉ. बोंग म्हणाली, सर, हा माणूस पुढच्या आठवड्यात जाणार, आणि कुलपं राहणार. बरोबर, टिकाऊ विकास तो हाच.

इंग्रजीचं ॲप उघडलं. त्यानं विचारलं, बराच काळ कुठे होतात. बंद केलं.

५ ऑगस्ट

दॉकन्यो आजी हॉलवर येत नाहीत. दुपारी बाकीच्या पत्ते खेळतात, चौथा भिडू नाही म्हणून तिघींतच रडतखडत चालतं. मालसुन आजी भांडं झाकून त्यांच्या दारापर्यंत गेल्या, कुलूप बघून परत आल्या. (अलार्म नाही. आत शिरल्या नाहीत ना.) मी जेवताना सुचवलं की बेल बसवली तर हा प्रश्न सुटेल, आमच्याकडे चेहरा ओळखणारी बेल आहे. आजींनी माझ्यासमोर सूप ठेवलं. नेहमी विचारतात, भात आणखी देऊ का. आज विसरल्या. वय झालंय.

१९ ऑगस्ट

ताक कुटुंब येत नाही.

हाम दुपारी केंद्रात आले, खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. मी बार्लीचा चहा दिला. म्हणाले, ताकांच्या बायकोनं बातमी वाचली. ताक स्वतः दोनदा येऊन माफी मागून गेला, पण ती तयार नाही. मी सल्ला दिला की तिला आपल्या कॅमेऱ्यांबद्दल सांगा, गावाचा कोपरा न् कोपरा नजरेखाली आहे म्हणावं. हाम म्हणाले, ते तिला माहितीय साहेब. ती म्हणाली, जिथे इतके कॅमेरे लावावे लागतात तिथे मी मुलं कशी आणू.

मी त्यांना समजावलं की हे तर आपल्या संशोधनाला दुजोरा देणारं आहे. कुटुंब गाव निवडताना सुरक्षा बघतं, म्हणजे बाजारपेठ आहे. हाम यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, धाकटीला देवमासे आवडतात असं ताक म्हणाला होता. उठले, स्वतःचा कप विसळून ठेवला आणि गेले. वॉलपेपरचा खर्च वाया गेल्याचं त्यांना वाईट वाटत असावं. शेतकरी माणूस, हिशोबी.

डॉ. बोंगचा राजीनामा टेबलावर. शेजारच्या हाप्सो जिल्ह्यानं तिला बोलावलंय, पडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या संशोधनासाठी. मी मोठ्या मनानं शुभेच्छा दिल्या. बाजारपेठ नसलेला विषय आहे. वर्षभरात परत येईल, तिची खुर्ची ठेवतो.

१७ सप्टेंबर

पुढच्या आठवड्यात मंत्रालयाची समिती प्रत्यक्ष पाहणीला येतेय. दुसऱ्या टप्प्याचा निर्णय.

एक तांत्रिक अडचण. अलार्म वाजत नाहीत. दोन आठवडे झाले, एकही नाही. सगळी वायरिंग तपासली, ठीक आहे. मग स्वतः दिवसभर स्क्रीनपुढे बसलो. म्हातारे उलटे चालत नाहीत, कॅमेऱ्यात हसू होतं म्हणे. कुणी कुणाच्या घरात जात नाही. कांद्याची पात वाफ्यातच पिवळी पडलीय. रस्त्यावर दुपारी एक कुत्रं गेलं, तेही सरळ.

समितीला दाखवायचं काय? मालसुन आजींना विनंती केली, की फक्त प्रात्यक्षिक म्हणून, बुधवारी अकरा वाजता दॉकन्यो आजींच्या परसातून एक मुळा उपटा. त्या ओटा पुसत होत्या. पुसायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, त्या घरात मी आता जात नाही. मी म्हणालो, नाटकच आहे आजी. त्या म्हणाल्या, हो ना, आधी नाटक नव्हतं.

हाम यांना विचारलं. त्यांनी टोपी चढवली आणि शेताकडे निघाले. हवालदाराला विचारलं, तो म्हणाला की पोलिसानं चोरी करायची तर वरून लेखी हवं.

ठरलं. मी स्वतः करणार. कामाची खरी माहिती असलेल्या माणसानं केलेलं कधीही चांगलं.

२४ सप्टेंबर

समिती आली. पाच जण, एक छत्री. पाऊस.

अकरा वाजता त्यांना स्क्रीनपुढे बसवून मी मागच्या दारानं निघालो. काळी टोपी, तोंडाला मास्क, चाल संशयास्पद. सोसायटीच्या शेडमधून लसणाचं पोतं उचललं आणि तीन कॅमेऱ्यांपुढून गेलो. एकापुढे थांबून मागेपुढे बघितलंसुद्धा. अलार्म नाही. पोतं खाली ठेवून पुन्हा उचललं. चिखलात पाय घसरला. अलार्म नाही.

परत आलो तर समिती शांतपणे स्क्रीन बघत होती. माझ्याभोवती हिरवा चौकोन, वर 'डायरेक्टर, प्रवेश मुक्त'. मार्चमध्येच डॉ. बोंगकडून करवून घेतलं होतं, उगाच माझ्यावर अलार्म नकोत म्हणून. चालीवरून ओळखते, मास्कनं फरक पडत नाही. प्रणाली किती अचूक आहे हेच यातून सिद्ध झालं, असं मी निवेदन केलं. समितीतल्या बाईंनी नोंद घेतली. काय घेतली ते दिसलं नाही.

मग त्यांनी ग्राफ मागितला. वर जाणारी रेघ जुलैत खाली वळते आणि सप्टेंबरमध्ये जमिनीला टेकते. मी म्हणालो, बघा, चोरीचं समूळ उच्चाटन. अध्यक्ष उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, अभिनंदन. प्रश्न सुटला. मग दुसऱ्या टप्प्याची गरज उरत नाही.

हे असं होऊ शकतं ही शक्यता बोर्डवर नव्हती. मी म्हणालो, चोर परत येऊ शकतात. अध्यक्षांनी विचारलं, कुठून? बाहेर सरपंच हाम ओसरीत उभे होते. समितीच्या छत्रीखालून त्यांनी सगळ्यांना गाडीपर्यंत पोहोचवलं. मग परत येऊन पोतं उचललं आणि शेडमध्ये नेऊन ठेवलं. पोतं हाम यांचंच होतं, हे मला मागाहून कळलं.

६ ऑक्टोबर, छुसॉक

सणाला सेऊलला गेलो. सासूबाईंनी विचारलं, केंद्र कसं चाललंय? मी म्हणालो, उद्दिष्ट मुदतीआधी पूर्ण झालं, त्यामुळे बंद होतंय. मेव्हणा हसला. मिर्योंग हसली नाही, याचं मला बरं वाटायला हवं होतं. ती म्हणाली, तुझी खोली मी शिवणाच्या मशीनला दिलीय, तू हॉलमध्ये झोप.

टीव्हीवर हाप्सोची बातमी. डॉ. बोंग दिसली, केस कापलेत. जमिनीत बसवायचा तो सेन्सर आता तिथल्या बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्यात बनतोय. बावीस माणसं कामाला, आणखी घेणार आहेत. परत आलेल्या एका जोडप्याची मुलाखत झाली, बाळ कडेवर. तिथल्या शाळेनं एक वर्ग वाढवलाय. सासरे म्हणाले, असं काहीतरी करायला हवं होतं तुम्ही.

मी त्यांना स्पष्ट केलं की मूळ कल्पना तोक्गोलचीच. रविवारी काम करायची परवानगी मी दिली होती.

२१ नोव्हेंबर

खोली रिकामी केली. 'तोक्गोल मॉडेल' पुस्तकाचं पहिलं वाक्य अजून जमत नाही, बाकी सगळं डोक्यात तयार आहे.

शाळेचा निर्णय आला. मार्चपासून विलीन. नऊ मुलं बसनं तालुक्याला जाणार. फाटकावर नोटीस चिकटवलीय.

सरपंच हाम शिडी घेऊन कॅमेरे उतरवत होते. सरकारी मालमत्ता आहे, काढायची रीत असते, असं मी खालून सांगितलं. ते वरून म्हणाले, साहेब, तुमची बस साडेतीनची ना?

या दिवसांत दरवर्षी हिवाळ्याची किमची (कोबीचं लोणचं) करायला सगळ्या बायका एका अंगणात जमतात म्हणे. यंदा प्रत्येकीचा टब आपापल्या दारात. बसथांब्यावरून सगळा रस्ता दिसतो. मालसुन आजी मिठातल्या कोबीचं जड घमेलं घेऊन दॉकन्यो आजींच्या दाराशी आल्या. वर बघितलं, खांबावर आता नुसतीच वायर. दार वाजवलं. या गावात मी पहिल्यांदाच कुणाला दार वाजवताना बघितलं. पुष्कळ वेळ गेला. मग कुलपाचा आवाज, साखळीचा आवाज, आणि दार थोडं उघडलं. मालसुन आजींनी घमेलं खाली ठेवलं नाही. शेवटी दॉकन्यो आजींनी एका बाजूनं धरलं आणि दोघी आत गेल्या.

दार उघडंच राहिलं. ओरडून सांगणार होतो, पण बस आली.

९ डिसेंबर

नोकरी मिळाली. हाप्सो, डॉ. बोंगचं केंद्र. अर्ज मी केला नव्हता, मिर्योंगनं परस्पर केला. पत्रात पद 'हालचाल सहाय्यक (तात्पुरता)' असं लिहिलंय. सासऱ्यांना 'मोशन कन्सल्टंट' सांगितलं.

काम असं: पडणे. म्हातारी माणसं कशी पडतात हे सेन्सरला शिकवायचं, पण खऱ्या म्हाताऱ्यांना पाडता येत नाही, म्हणून मध्यमवयीन माणसं लागतात. मोज्यांच्या कारखान्यात खोटं स्वयंपाकघर, खोटं न्हाणीघर केलंय. गुडघ्याला पट्टे, कमरेला उशी. सकाळी खुर्चीवरून पडलो, मग ओल्या फरशीवर, मग चप्पल अडकून. दुपारी जेवण, कँटीन चांगलं आहे. चारनंतर पुन्हा फरशी.

बाकीचे सहाय्यक तिघे. तिघांपेक्षा माझं पडणं फार वरच्या दर्जाचं आहे असं डॉ. बोंग स्वतः म्हणाली. मी कारण विचारलं. ती म्हणाली, सर, हे लोक पडायच्या आधी अंग आखडतात, आपण पडणार आहोत हे त्यांना ठाऊक असतं. तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत छाती काढून चालता.

उद्या जिना.